नाही आत्या, तुझा फोन कुणी ऐकत नाहीये

रविवारी आत्याला फोन केला. तिचा बायोप्सीचा रिपोर्ट आला होता. "फोनवर नको, आलास की सांगते," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. कारण संध्याकाळी कळलं. सोसायटीच्या ग्रुपवर तिला तो वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज आला होता: उद्यापासून संपर्काचे नवे नियम, व्हॉट्सॲपसकट सगळे कॉल रेकॉर्ड होणार, सगळ्यांचे मोबाइल मंत्रालयाच्या यंत्रणेला जोडणार, आणि मेसेजवर तीन लाल टिक आल्या की कोर्टाचं समन्स.

आधी टिकांचं. एक टिक म्हणजे मेसेज निघाला, दोन म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. तिसरी टिक नाहीच. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागानं हा मजकूर खोटा असल्याचं एकदा नाही, अनेकदा सांगितलंय. तरी लोक तो 'आला तसा पाठवला' म्हणून पुढे ढकलतात. चीड येते ती याची.

आता 'सगळे कॉल रेकॉर्ड'. कुणाचा फोन ऐकायचा तर लेखी आदेश लागतो, केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा. तातडीत खालच्या अधिकाऱ्यानं काढला तरी कामकाजाच्या ७ दिवसांत मंजुरी लागते. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कारभाराला वेसण घातली. डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांतही आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०.

हे सगळं कागदावरच, असं म्हणणाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१९ चा निकाल वाचावा. सीबीआयच्या लाच प्रकरणात एका व्यावसायिकाचे फोन टॅप झाले होते. गृह मंत्रालयाचे तीन आदेशही होते. पण ना सार्वजनिक आणीबाणी, ना सार्वजनिक सुरक्षेला धोका, म्हणून न्यायालयानं तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. लाचेच्या आरोपीचा फोन ऐकायलाही जिथे एवढं कारण लागतं, तिथे माझ्या आत्यानं स्वतःचा आजार सांगायला घाबरावं?

व्हॉट्सॲप कॉलचं तर आणखी सोपं आहे. २०१६ पासून बोलणं दोन फोनच्या मधल्या वाटेवर कुलूपबंद असतं, किल्ली त्या दोन फोनांतच. कंपनीलाही ते ऐकू येत नाही. कुणी कुणाला कधी फोन केला याची नोंद मात्र लपत नाही.

एक गोष्ट मान्य करावीच लागेल. २०१९ मध्ये व्हॉट्सॲप कॉलच्याच वाटेनं सुमारे १४०० जणांच्या फोनवर पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, हे व्हॉट्सॲपनंच सांगितलं. त्यात भारतातले पत्रकार आणि कार्यकर्तेही होते. फोनच दुसऱ्याच्या ताब्यात गेला की कुलपाचा उपयोग नाही. पण ती माणसं हेरून निवडलेली होती.

आणि भांडायचंच असेल तर खऱ्या दुखण्यावर भांडा. आदेश काढणारे सचिव, तो तपासणाऱ्या समितीतही सचिवच. न्यायाधीश कुठेच नाही. ज्याचं बोलणं ऐकलं, त्याला नंतरही कळवत नाहीत. यावर त्या ग्रुपमध्ये मी आजवर एक ओळ वाचलेली नाही.

आत्या, आज रात्री नऊला फोन करतो. चष्मा आणि रिपोर्ट घेऊन बस, पहिल्या ओळीपासून वाचून दाखव.