मागच्या चाकाच्या स्पोकबद्दल तुम्ही लिहिलेल्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

दोन तारे देऊन तुम्ही चार गोष्टी लिहिल्या आहेत. फक्त रिम बदलायची असताना जुने स्पोक फेकून नवे घातले. रिम कंपनीने दिलेल्या ६०३ ईआरडीवरून (हे रिमचं माप, खाली समजावलं आहे) कॅल्क्युलेटर स्पोकची लांबी डावीकडे २९४.५ आणि उजवीकडे २९३ मिलिमीटर दाखवत असताना आम्ही २९३ आणि २९१ चे घातले. डावीकडचे स्पोक हाताला ढिले लागतात. आणि आठवड्यात चाक टिकटिक करायला लागून थोडं आउट झालं, म्हणजे फिरताना डगमगायला लागलं. यातली शेवटची चूक आमची आहे, तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे. लांबीबाबत मात्र आम्ही ठाम आहोत. का, ते आकड्यांसकट सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतः ताडून पाहता येईल.

सगळा फरक ईआरडीत आहे. ईआरडी म्हणजे समोरासमोरच्या दोन निपलांमध्ये (स्पोकचं टोक रिमला धरणारे छोटे नट) स्पोकची टोकं जिथे थांबायला हवीत, तिथून तिथपर्यंतचा व्यास. हे ‘जिथे’ सगळे एकाच ठिकाणी धरत नाहीत. कुणी निपलच्या डोक्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजतं, कुणी डोक्यावरच्या स्क्रूड्रायव्हरच्या खाचेच्या तळापर्यंत. खाच साधारण एक मिलिमीटर खोल असते, म्हणजे दोन बाजू मिळून इथेच दोन मिलिमीटरचा फरक पडतो. त्यात रिम बनताना होणारी थोडी कमीजास्त वेगळी. म्हणून छापील आकडा आम्ही अंदाजापुरता घेतो आणि समोरची रिम मोजतो.

टोकापासून बरोबर २०० मिलिमीटरवर कापून कापलेली बाजू हुकासारखी वाकवलेले दोन जुने स्पोक घ्यायचे. निपल इतकं फिरवायचं की स्पोकचं टोक खाचेच्या तळाशी येईल, आणि मग ते हलू नये म्हणून चिकटवून टाकायचं. ३२ भोकांच्या रिममध्ये एका भोकापासून सोळावं भोक बरोबर समोर येतं. त्या दोन भोकांतून स्पोक ओवून ताणून धरायचे आणि मधली फट मोजायची. तुमच्या रिमवर तीन ठिकाणी फट २००, २००.५ आणि १९९.५ आली. त्यात दोन्ही स्पोकांचे ४०० मिळवले की सरासरी ६००. तुमच्या हिशेबात याच जागी ६०३ आहे.

आता हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. त्याच्या दोन बाजूंच्या, स्पोक अडकवायच्या भोकांच्या चकत्या म्हणजे फ्लँज. भोकांच्या मध्यापासून समोरच्या भोकाच्या मध्यापर्यंत दोन्ही फ्लँजवर ४५. हे मोजताना एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं आणि एका भोकाचा व्यास वजा करायचा. मध्य नजरेने धरला की चुकतो. लॉकनट ते लॉकनट (हबच्या दोन टोकांचे नट) १३५, त्याचं निम्मं ६७.५. उजवी फ्लँज तिच्या बाजूच्या लॉकनटपासून ४७.५ आत आहे, म्हणजे हबच्या मध्यापासून २०. डावी ३१.५ आत, म्हणजे मध्यापासून ३६. कॅसेट (मागच्या गिअरचा संच) उजवीकडे जागा खाते, त्यामुळे ती फ्लँज आत सरकते. दोन बाजूंची लांबी वेगळी येते ती यामुळेच.

३२ स्पोक, तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक स्पोक वाटेत दुसऱ्या तीन स्पोकांना छेदतो. एका फ्लँजवर १६ भोकं, दोन भोकांत २२.५ अंश, तीन क्रॉसला ६७.५ अंश. डाव्या बाजूचा हिशेब असा: ईआरडीचं निम्मं ३००, त्याचा वर्ग ९०,०००; फ्लँजवरच्या ४५ चं निम्मं २२.५, त्याचा वर्ग ५०६; ३६ चा वर्ग १,२९६, एकूण ९१,८०२. त्यातून २ × ३०० × २२.५ × ०.३८२७ (६७.५ अंशांची कोसाइन), म्हणजे ५,१६६ वजा. उरले ८६,६३६, त्याचं वर्गमूळ २९४.३. फ्लँजच्या भोकाचा निम्मा व्यास १.३ वजा केला की २९३. उजवीकडे ३६ ऐवजी २० घातले की २९१.५ येतात.

कोणतं माप चुकलं तर किती महागात पडतं, हेही यातून दिसतं. फ्लँजचं अंतर दोन मिलिमीटरने चुकलं तरी स्पोकमध्ये जेमतेम पाव मिलिमीटर फरक पडतो. भोकांच्या वर्तुळाचा व्यास एकाने चुकला तर जेमतेम ०.१५. ईआरडी तीनने चुकली की मात्र थेट दीड मिलिमीटर. आणि तीनऐवजी दोन क्रॉस टाकले तर साडेसात! हब कितीही काळजीने मोजा, रिम न मोजता मागवलेले स्पोक नशिबावरच असतात.

२९१.५ चे २९१ का केले? अर्ध्या मिलिमीटरची निवड असली की आम्ही खालचा आकडा घेतो. दोन मिलिमीटर जाडीचा स्पोक १०० किलोच्या वर ताणला की तो स्वतःच जवळपास अर्धा मिलिमीटर लांबतो. तुमच्या मापाचे घातले असते तर टोक खाचेच्या तळापासून दीड मिलिमीटर वर आलं असतं, त्यावर हे लांबणं. तिथे स्पोकचे आटे संपत येतात. संपले की चावी जड होते, ताण पुरा झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात स्पोक ढिलाच राहतो. आखूडपणालाही सीमा आहेच. टोक निपलच्या डोक्यापर्यंत पोचलं नाही, तर सगळा भार मानेवर येतो आणि डोकं तुटून पडतं. ॲल्युमिनियमच्या निपलमध्ये तर हमखास. तुमचे स्पोक या दोन्हीच्या मध्ये बसले आहेत. टायर आणि रिमपट्टी काढून बॅटरीच्या उजेडात कोणत्याही निपलात डोकावा: टोक खाचेच्या तळाला लागून दिसायला हवं.

जुने स्पोक परत वापरायला आमची ना नसते. नव्या रिमची ईआरडी जुनीच्या एक-दीड मिलिमीटरच्या आत असेल तर वापरावेतच. तुमचे जुने डावे २९६ चे होते, म्हणजे या रिमला तीन मिलिमीटर लांब. शिवाय उजवीकडचे तीन आधीच कोपरात (हबजवळच्या वाकात) तुटून बदललेले होते. एकाच चाकात तेवढेच फिरलेले बाकीचे त्याच वाटेवर असतात.

डावीकडचा ढिलेपणा हा दोष नाही. रिम मधोमध राहायची तर दोन्ही बाजूंची आडवी ओढ सारखी हवी, आणि डावी फ्लँज मध्यापासून लांब असल्याने तिला कमी ताण पुरतो. २० भागिले ३६ म्हणजे ५६ टक्के. उजवीकडे ११५ किलो ठेवले की डावीकडे ६४ च्या आसपास येतात. डावीकडचे उजवीइतके आवळले तर रिम डावीकडे ओढली जाईल. कृपया स्वतः चावी लावू नका.

आता टिकटिक. निपल फिरवताना स्पोकही थोडा पिळला जातो. तो पीळ काढायला निपल हवं त्यापेक्षा थोडं पुढे नेऊन मागे आणावं लागतं, आणि शेवटी समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबाव्या लागतात, म्हणजे कोपर फ्लँजवर बसतात. तुमच्या चाकावर हे काम आमच्याकडून अपुरं राहिलं. राहिलेला पीळ रस्त्यावर सुटला, तोच आवाज, आणि म्हणूनच चाक आउट झालं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मोजमापांचा कागद चाकासोबत द्यायला हवा होता, तोही दिला नाही.

चाक केव्हाही घेऊन या. तुमच्यासमोर पीळ काढून, जोड्या दाबून आउट काढून देऊ आणि ताणमापकावर ३२ही स्पोकांचे आकडे दाखवू. याचे पैसे लागणार नाहीत. टायर आणि ट्यूब काढूनच आणलंत तर निपलही तिथेच तपासता येतील.