ज्युसर उभा की आडवा, हे भाजीवरून ठरवावे

स्लो ज्युसर म्हणजे वेगवान पात्यांऐवजी सावकाश फिरणाऱ्या मळसूत्राने (मोठ्या स्क्रूने) दाबून रस काढणारे यंत्र. त्यावरील लेखात अशा ज्युसरची तुलना प्रामुख्याने मोटरच्या वॅटवर केली आहे, ते मला पटले नाही. या यंत्रांत गिअरमुळे वेग मिनिटाला साधारण ४० ते ८० फेऱ्यांवर येतो आणि दाब वाढतो, त्यामुळे १५० ते २५० वॅट घरासाठी पुरतात. खरा फरक मळसूत्र उभे आहे की आडवे, यात आहे. गव्हांकुर, पालक, पुदिना असा पाला रोज पिळायचा असेल तर आडवे यंत्र निःसंशय सरस ठरते. गाजर, बीट, सफरचंद, डाळिंबाचे दाणे यांसाठी उभे यंत्र सोयीचे, कारण फोडी आपोआप खाली ओढल्या जातात आणि ओट्यावर जागाही कमी लागते. मात्र आल्याचे किंवा सेलरीचे लांब धागे दोन्हींत मळसूत्राला गुंडाळले जातात, म्हणून ते आधी बारीक चिरावेत, आणि आवळ्याच्या बिया काढल्याशिवाय तो आत घालूच नये. ‘पात्यांच्या ज्युसरच्या उष्णतेने जीवनसत्त्वे नष्ट होतात’ हा विक्रेत्यांचा लाडका दावा अतिशयोक्त आहे. तेवढ्या वेळात रस फारसा तापत नाही, त्यात हवा मात्र अधिक मिसळते, म्हणून फेस येतो आणि रस लवकर काळवंडतो. विकत घेण्यापूर्वी गाळणी सुटी मिळते का, हे अवश्य विचारावे.