एल्डरबेरी: फॉरवर्ड पाठवण्याआधी एवढं वाचा

‘परसात एल्डरबेरी लावा. कुठल्याही मातीत येते, पाणी लागत नाही, आठवड्यात बी उगवतं. पानं-फळं रोज कच्ची खा, वर्षभर सर्दी-ताप फिरकणार नाही.’ लातूर-बीडकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. एल्डरबेरी म्हणजे युरोप-अमेरिकेतलं, बारीक काळ्या-जांभळ्या फळांच्या घोसांचं झुडूप.

पाणी लागत नाही म्हणे! युरोप-अमेरिकेत हे झाड ओढ्याकाठी, ओलसर जागी वाढतं. मुळं उथळ, वरची माती सुकली की मान टाकतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं हे लिहायला धाडस लागतं. कुठल्याही मातीचंही तसंच. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात पाणी तुंबलं की मुळं कुजायची.

आठवड्यात बी उगवत नाही. आधी ऊब, मग काही महिने थंडावा मिळाल्याशिवाय ते जागं होत नाही. म्हणून जाणकार छाट कलमच (फांदीचा तुकडा रोवून) लावतात.

खरा घोर मात्र ‘कच्ची खा’चा आहे. पानं, फांद्या, न पिकलेली फळं आणि बिया यांत अशी द्रव्यं असतात, की पोटात गेल्यावर त्यांतून सायनाइड सुटतं. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात एका मेळाव्यात फळं पाना-फांद्यांसकट कच्चीच पिळून रस केला. तो प्यालेल्यांना उलट्या, चक्कर, अशक्तपणा सुरू झाला आणि आठ जणांना रुग्णालयात हलवावं लागलं. परदेशात याचं सरबत, जॅम होतं, पण ते पिकलेली फळं देठ काढून, शिजवून. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा, की धोत्राही नैसर्गिकच असतो.

सर्दीबद्दल: तयार अर्काच्या काही छोट्या चाचण्यांत फ्लूचा त्रास लवकर आटोपल्याचं दिसलं, तर नंतरच्या एका चाचणीत फरकच पडला नाही. वर्षभर आजार न होण्याची हमी कुठेच नाही. कच्ची पानं चावण्याचा तर या चाचण्यांशी संबंधच नाही.

ज्यांनी रोप आणलंच आहे, त्यांनी ते दुपारी सावली येईल अशा पूर्वेच्या बाजूला, निचऱ्याच्या मातीत ठेवावं. बुडाला पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, ओल कायम. तीन वर्षांपुढच्या फांद्या बुडातून छाटाव्यात. फळांची खात्री आपल्या हवेत देता येत नाही. घरात लेकरं, शेळ्या असतील तर झाड कुंपणाआड बरं. आणि जागा एकाच झाडापुरती असेल तर सीताफळ लावा. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते कमी पाण्यावर तगतं.