अण्णाची पावडर

पेशी झपाट्यानं वाढवते म्हणून रीलमध्ये मिरवणाऱ्या एका ताकदीच्या पावडरीवरून काल निपाणीत आमच्या कोपऱ्यावर परत पेटलं. पेटवलं अर्थात अण्णानंच. एजन्सी घेऊन बसलाय, दोन डबे माझ्याही गळ्यात मारलेत.

"पेशी दुप्पट वेगानं वाढत्यात बघ ह्यानं!"

"दुप्पट वेगानं वाढणाऱ्या पेशींना गाठ म्हणतात, अण्णा." पम्यानं चहातून मान वर काढली नाही. लॅबमधला माणूस, त्याला राहवत नाही. "शरीराची निम्मी अक्कल पेशीला थांबवण्यात आहे. सायक्लिन नावाचं प्रथिन साठतंय, सीडीके एन्झाइमला धरतंय, तेव्हा विभाजन पुढं सरकतंय. काम झालं की पेशी सायक्लिन मोडून टाकते. टिम हंट म्हणून शास्त्रज्ञ, त्याला १९८२ साली सी-अर्चिन ह्या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत दिसलं हे. २००१ चं नोबेल त्यावर."

"नोबेल राहू दे, गुण येतोय न्हवं?"

शिऱ्या म्हणाला, "कोविडात रिपोर्ट नाही म्हणून अण्णाला राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावरनं परत धाडलं, तसला नाका असतोय काय आत?"

"तसलाच. डीएनए बिघडला की पी-५३ प्रथिन पी-२१ तयार करवून सीडीकेला अडवतं. दुरुस्ती होईना तर पेशीला मरायला लावतं. पुढं विभागणीच्या वेळी ४६ गुणसूत्रांतलं एक जरी त्यांना ओढून वेगळं करणाऱ्या धाग्याला जोडायचं राहिलं, तरी बाकीच्यांनी थांबायचं."

"गोव्याला जाताना आंबोलीत अण्णासाठी थांबलो तसं!"

"पोट बिघडलं होतं गा माझं!"

पम्या आता थांबेना. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत पी-५३ चं जनुक बिघडलेलं सापडतं, आणि तंबाखूच्या धुरातलं बेन्झोपायरीन नावाचं रसायन नेमकं त्याच जनुकावर ठरावीक जागी चिकटतं, हे १९९६ लाच दाखवलंय म्हणे. शिऱ्यानं हातातली विडी मागं लपवली.

"माझ्या तंबाखूच्या वखारीवर घसरू नकोस हां."

"घसरतो की. ८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात आमचा आजा रस्त्यावर बसला होता. तुझा कुठं होता?"

"गादीवर! तुझ्या आज्जाचाच माल जोखत!"

पुढची वीस मिनिटं भाव, वजनातली कट आणि कुणाचं कुणाकडं किती राहिलंय यातच गेली. पेशी राहिली बाजूला. मला विचाराल तर शिऱ्याकडं उत्तर नव्हतं, नुसता आवाज होता.

तेवढ्यात पम्यानं स्कूटरवरचा डबा उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं. "पहिलीच साखर आहे की रे. अण्णा, तू स्वतः घेतोस काय ही?"

"मी कसा घेणार? मला शुगर हाय!"

चहावाल्याच्या हातातली किटलीसुद्धा हलायला लागली.