परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे सामने शनिवारी होतात, पण साडेसाती लागते ती मंगळवारी. नोव्हेंबर उजाडला की दर मंगळवारी संध्याकाळी टीव्हीवर पंचवीस संघांची क्रमवारी जाहीर होते. हंगामाअखेर विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये कोण जाणार ते तिच्यावरूनच ठरतं. ती ठरवणारी तेरा माणसं टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन गावच्या एका अवाढव्य हॉटेलात दोन दिवस दार लावून बसलेली असतात. जाहीर झाल्यावरचे दोन-तीन तास या देशात कोणाशी धड बोलता येत नाही. आपला संघ एक पायरी घसरलेला असतो आणि त्याने त्याच आठवड्यात सामना जिंकलेला असतो. चार-चार तास रेंगाळणारे सामने, थंडी, दोन चेंडूंच्या मधल्या जाहिराती हे सगळं मी सोसतो. ही यादी मात्र सोसवत नाही.

हा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात, एवढं नवख्यांनी लक्षात ठेवलं तरी पुरे. खरी अडचण गणिताची आहे. सर्वात वरच्या गटात २०२५ साली १३६ विद्यापीठं होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित सामने आले बारा. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर ९,१८० सामने लागतील. होतात आठशेच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त जोड्या एकमेकींचं तोंडही बघत नाहीत. जे काही सामने होतात तेही बहुतेक आपापल्या कॉन्फरन्समधले, म्हणजे विद्यापीठांनी आपसात बांधलेल्या गटातले. बिग टेन या कॉन्फरन्समध्ये संघ आहेत अठरा आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा, त्यामुळे या मंडळींचं आकड्यांशी फारसं सख्य नाही हे नावांतच कळतं. अठरा जणांच्या घरात नऊच सामने खेळायचे म्हटल्यावर उरलेल्या आठ भावंडांशी गाठच पडत नाही. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर देशातला नववा संघ कोण आणि दहावा कोण हे ठरवायचं असतं.

आयपीएलमध्ये गुण समान झाले तर नेट रन रेट बघतात. पद्धत रुक्ष आहे, पण सूत्र आधीपासून छापलेलं असतं आणि शेवटच्या षटकात किती धावा हव्यात हे गल्लीतला पोरगाही कॅल्क्युलेटरवर काढून सांगतो. इथे सूत्रच नाही. इथे आपल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसारखं आहे. प्रयोग सगळ्यांनी पाहिलेला असतो, निकालपत्रावर ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ एवढंच असतं, आणि परीक्षकांतले बरेचसे जण कधीकाळी त्याच रंगमंचावर उभे राहिलेले असतात. कमिटीत विद्यापीठांचे क्रीडा संचालक, निवृत्त प्रशिक्षक, माजी खेळाडू असे लोक असतात. स्वतःच्या विद्यापीठाचा विषय निघाला की सदस्याने उठून खोलीबाहेर जायचं असा नियम आहे. तो पाळतातही. पण परत आल्यावर बाकीचे बारा जण आपल्याकडे कसे बघत असतील याचा नियम कुठेच नाही.

मतदानाची रीत मात्र ऐकण्यासारखी आहे, कारण निम्मी भानगड तिच्यातच आहे. आधी प्रत्येक सदस्य आपल्या मते चांगल्या तीस संघांची नावं देतो, क्रम न लावता. पुरेशा सदस्यांच्या यादीत आलेले संघ चर्चेत राहतात. मग प्रत्येकजण त्यातले सर्वोत्तम सहा निवडतो आणि सर्वाधिक मतं मिळालेले सहा एका टोपलीत येतात. त्या सहांना प्रत्येकाने एक ते सहा क्रमांक द्यायचे, बेरीज करायची, सर्वात कमी बेरजेचे तिघे वरच्या तीन जागांवर. उरलेले तिघे टोपलीतच थांबतात, नवे तिघे त्यांना येऊन मिळतात, पुन्हा बेरीज. असं पंचवीस होईपर्यंत. यातली मेख अशी की आपली तुलना होते ती फक्त टोपलीतल्या शेजाऱ्यांशी. ज्याला तुम्ही मैदानात हरवलंय तो आधीच्या टोपलीतून वर निघून गेला असेल, तर तुमचा विजय त्या खोलीत कोणी उच्चारेलच असं नाही.

२०२५ साली नेमकं हेच झालं. ३१ ऑगस्टला मायामीने नोटर डेमला २७-२४ असं हरवलं. दोघांनीही पुढे १०-२ (दहा विजय, दोन पराभव) असा हिशेब पूर्ण केला. तरी नोव्हेंबरच्या पहिल्या क्रमवारीत नोटर डेम दहावं आणि मायामी अठरावं. पुढचा महिनाभर नोटर डेम वरच. शेवटच्या आठवड्याआधी नोटर डेम दहावं, ब्रिगहॅम यंग अकरावं, मायामी बारावं. शेवटच्या शनिवारी मायामी आणि नोटर डेम, दोघांनाही सामना नव्हता. घरी सोफ्यावर बसून होते. त्या दिवशी ब्रिगहॅम यंग टेक्सस टेककडून ३४-७ असं हरलं आणि खाली आलं. मधला माणूस उठून गेल्यावर मायामी आणि नोटर डेम शेजारी-शेजारी आले, तेव्हा कमिटीला ऑगस्टमधला सामना आठवला. रविवारी मायामी दहावं, नोटर डेम अकरावं. मायामी प्लेऑफच्या आत आणि नोटर डेम बाहेर.

निर्णय माझ्या मते बरोबर होता. ज्याने हरवलं तो वर, यात वाद कसला? पण मग ही अक्कल नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी कुठे होती? ऑगस्टचा निकाल तेव्हाही २७-२४ च होता. नोटर डेमने रागाने नंतरचा बोल सामनाही, म्हणजे प्लेऑफ हुकलेल्यांना मिळणारा हंगामानंतरचा निमंत्रणाचा सामनाही, नाकारला. या एका बाबतीत मला त्यांची बाजू पटते: महिनाभर ज्या यादीवर भिस्त ठेवायला लावली, तीच यादी काही न घडता उलटली.

कमिटीचे निकष लिहिलेले आहेत. प्रतिस्पर्धी किती कठीण, आमनेसामने काय झालं, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध कामगिरी, कॉन्फरन्सचं विजेतेपद, आणि महत्त्वाचा खेळाडू किंवा प्रशिक्षक नसणं यासारखे ‘इतर घटक’. कोणत्या निकषाला किती गुण, हे मात्र लिहिलेलं नाही. त्यामुळे दरवर्षी आधी उत्तर येतं आणि मग त्या उत्तराला शोभेल असा निकष पुढे केला जातो.

याचं सगळ्यात चीड आणणारं उदाहरण २०२३ चं. प्लेऑफमध्ये तेव्हा चारच जागा होत्या. फ्लोरिडा स्टेटने तेरापैकी तेरा सामने जिंकले, आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद घेतलं आणि पाचवा क्रमांक मिळवला. कारण? त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये पाय मोडून बाहेर गेला होता. त्याच्याशिवाय त्यांनी फ्लोरिडाला २४-१५ आणि कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात लुइव्हिलला, तेही तिसऱ्या फळीचा क्वार्टरबॅक घेऊन, १६-६ असं हरवलं. पण कमिटीच्या मते हा संघ आता ‘तो’ संघ राहिला नव्हता. चौथी जागा एक सामना हरलेल्या अलाबामाला. पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, संघ माझ्याशिवायही काय आहे ते लोकांना दिसलं असतं, असं बिचाऱ्या ट्रॅव्हिसने जाहीरपणे लिहिलं. फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी कोर्टकचेरीसाठी राज्याच्या अंदाजपत्रकात दहा लाख डॉलर सुचवले. नंतर ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने त्यांना ६३-३ असं धुतलं, आणि ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो’ म्हणणारे उगवले. त्या दिवशी फ्लोरिडा स्टेटचे वीसहून अधिक खेळाडू उतरलेच नव्हते, हे सांगायला ते विसरले.

आता नऊ वर्षं मागे जा. २०१४, हीच पद्धत सुरू झाल्याचं पहिलं वर्ष. ओहायो स्टेटचाही क्वार्टरबॅक जायबंदी, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याला तिसऱ्या फळीचा कार्डेल जोन्स. त्यांनी विस्कॉन्सिनला ५९-० असं लोळवलं आणि पाचव्या क्रमांकावरून चौथ्यावर येऊन आत शिरले. टीसीयू आठवडाभर आधी तिसरं होतं. त्यांनी शेवटचा सामना ५५-३ असा जिंकला आणि बक्षीस म्हणून सहाव्या क्रमांकावर घसरले. ओहायो स्टेटने पुढे विजेतेपदच घेतलं, त्यामुळे कमिटीची अब्रू वाचली. क्वार्टरबॅक नसणं एका वर्षी शौर्य आणि दुसऱ्या वर्षी अपात्रता. ‘सर्वात चांगला संघ’ आणि ‘सर्वात जास्त कमावलेला संघ’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि कमिटी सोयीने कधी एकाचं उत्तर देते, कधी दुसऱ्याचं. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

माणसं नकोत, यंत्रं आणा, असं म्हणणाऱ्यांसाठी १९९८ ते २०१३ हा बीसीएसचा, म्हणजे अंतिम सामन्याचे दोन संघ आकडेमोडीने निवडणाऱ्या जुन्या पद्धतीचा, काळ आहे. नंतरच्या वर्षांत दोन मतचाचण्या आणि संगणक यांना प्रत्येकी एक तृतीयांश वजन. संगणकी क्रमवाऱ्या सहा. त्यातली सर्वात वरची आणि सर्वात खालची काढून उरलेल्या चारांची सरासरी. ऐकायला किती सात्त्विक! पण सहापैकी एकाच गणितज्ञाने, वेस्ली कॉली यांनी, आपलं सूत्र पूर्ण उघड केलं होतं. २०१० च्या शेवटच्या यादीत त्यांच्याकडून खालच्या गटातल्या एका सामन्याचा निकाल भरायचा राहून गेला. जेरी पाम नावाच्या पत्रकाराने ते पकडलं. चूक सुधारली तेव्हा एलएसयू दहाव्यावरून अकराव्यावर आणि बॉइझी स्टेट अकराव्यावरून दहाव्यावर आलं. त्या सामन्याशी या दोघांचा काडीचाही संबंध नव्हता. उरलेल्या पाच जणांचं गणित कुलूपबंद होतं, म्हणून त्यांच्या चुका सापडल्या नाहीत.

मतचाचण्यांची खोड आणखी जुनी. एपी या वृत्तसंस्थेची पत्रकारांमधली मतचाचणी १९३६ पासून चालू आहे, आणि तिची पहिली यादी एकही चेंडू फेकला जाण्याआधी ऑगस्टमध्ये येते. २००४ साली त्या यादीत यूएससी पहिलं, ओक्लाहोमा दुसरं, ऑबर्न सतरावं. अंतिम सामन्यापर्यंत तिघांनीही एकही सामना गमावला नाही. पण वरचे दोघे हरल्याशिवाय जागा सोडणार नव्हते आणि हरलेच नाहीत. ऑबर्न अपराजित राहून तिसरं आणि अंतिम सामन्याबाहेर. तो सामना यूएससीने ५५-१९ असा जिंकला. २०११ मध्ये नियमभंगामुळे यूएससीचं ते विजेतेपद काढून घेतलं. ते ऑबर्नला मात्र दिलं नाही. जागा रिकामी ठेवली.

चाराच्या बारा जागा झाल्या २०२४ पासून. रडारड थांबली नाही, पाचव्या क्रमांकावरून तेराव्यापर्यंत खाली उतरली. पहिली दोन वर्षं पाच जागा क्रमवारीत सर्वात वर असलेल्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना (ते पहिल्या बारांत नसले तरी), सात बाकीच्यांना. पहिल्या वर्षी वरच्या चार विजेत्यांना पहिल्या फेरीत विश्रांती होती, म्हणून क्रमवारीत नववं असलेलं बॉइझी स्टेट तिसरं मानांकित झालं आणि बारावं ॲरिझोना स्टेट चौथं. विश्रांती घेतलेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. पुढच्या वर्षी तो नियम काढला, तर एसीसी या कॉन्फरन्समध्ये वेगळीच गंमत. पाच संघ ६-२ वर बरोबरीत अडकले आणि बरोबरी सोडवण्याच्या नियमाने अंतिम सामन्याला गेलं ड्यूक, ज्याचे आधीच पाच पराभव झाले होते. ते जिंकलंही. त्यामुळे एसीसीचा विजेता पंचविसातही नाही आणि त्याच्याऐवजी जेम्स मॅडिसन आत.

यात पैसाही आहेच. २०२४ आणि २०२५ मध्ये नुसता प्रवेश मिळाला तरी कॉन्फरन्सला एका संघामागे चाळीस लाख डॉलर मिळत. शिवाय ज्या वाहिनीवर मंगळवारची यादी जाहीर होते, तिच्याकडेच एसईसी या कॉन्फरन्सच्या सामन्यांचे हक्क. यावरून कारस्थान सिद्ध होत नाही. पण २०२५ मध्ये एसईसीचा अंतिम सामना २८-७ असा हरूनही अलाबामा नवव्या क्रमांकावरून तसूभर हललं नाही, तेव्हा भुवई उंचावणाऱ्याला मी आवरणार नाही.

कोलंबसला किंवा कॉलेज स्टेशनला शिकायला आलेल्या आणि पहिल्याच हंगामात या नादाला लागलेल्या मराठी पोरांना माझं व्यवहारी सांगणं एवढंच: आकडा बघू नका, शेजारी बघा. आपल्या वर जो आहे त्याला आपण हरवलंय का आणि तो एका टोपलीच्या अंतरावर आहे का, हे तपासा. दुसरं, हंगामाआधी वेळापत्रक वाचा. टेक्ससने २०२५ ची सुरुवात ओहायो स्टेटच्या मैदानावर केली, १४-७ असे हरले, शेवटी ९-३, तेरावे, बाहेर. इंडियानाने कॉन्फरन्सबाहेर ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट असे तीन लिंबूटिंबू बोलावले. तेच इंडियाना पुढे सोळापैकी सोळा जिंकून विजेते झाले, त्यामुळे बोलायची सोय राहिली नाही. बाकीच्यांनी धडा घेतलाच असेल: कठीण प्रतिस्पर्धी बोलावण्यात शहाणपण नाही.

नोटर डेमचं मात्र सोडवून ठेवलंय. ते कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाहीत, म्हणून २०२६ पासून त्यांचा क्रमांक पहिल्या बारांत आला की जागा पक्की, असं ठरलं आहे. हा नियम एक वर्ष आधी असता तर अकरावं नोटर डेम आत असतं आणि दहाव्या मायामीला डच्चू मिळाला असता. मायामी त्या वर्षी टेक्सस ए अँड एम, ओहायो स्टेट आणि ओल मिस यांना हरवून अंतिम सामन्यात पोचलं आणि इंडियानाकडून २७-२१ असं हरलं.