‘फुलझाडांना काही होत नाही, बिनधास्त मारा’ : होतं, आणि ते उशिरा दिसतं

पावसाने जरा उघडीप दिली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तण मारण्याचा एक मेसेज लव्हाळ्यासारखा पुन्हा पुन्हा उगवतो. यंदाही आला आणि चौघांनी तो न वाचता पुढे ढकलला. मजकूर थोडक्यात असा: एक लिटर व्हिनेगर, पाव किलो मीठ, दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड. शंभर टक्के नैसर्गिक, तण मुळासकट जातं, फुलझाडांना काही होत नाही. हे नको असेल तर दुकानातलं तणनाशक आणा आणि झाडाच्या बुडाशी बिनधास्त मारा, कारण मातीला लागलं की ते निष्क्रिय होतं. गवत चिवट असेल तर डोस दुप्पट करा. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

माझं लहानपण निफाडकडच्या द्राक्षबागेत गेलं, आता नाशिकला गंगापूर रोडला घरापुढे बोटभर बाग आहे. पाठीवर पंप घेतलाय आणि त्यात हातही पोळलेत, म्हणून हे लिहितोय.

‘शंभर टक्के नैसर्गिक.’ समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. मेसेजवाल्याच्या लिटरभर व्हिनेगरमध्ये 250 ग्रॅम, म्हणजे समुद्राच्या सातपट. आमच्या शेजारच्या वहिनींनी दोन वर्षांपूर्वी हे मिश्रण कुंपणाकडेच्या फरशीवर ओतलं. दोन दिवसांत गवत पिवळं पडलं, सगळे खूश. मग पाऊस आला आणि ते पाणी उताराने गुलाबाच्या आळ्यात गेलं. आधी पानांच्या कडा करपल्या, मग खालची पानं गळाली. आळ्यात पाणी तुंबून राहायला लागलं, आणि ऊन पडलं की वर पांढुरकी खपली धरायची. खुरपं टेकवलं तर विटेवर आपटल्यासारखा आवाज. आपली काळी माती चिकण, तिच्यात सोडियम शिरलं की कण एकमेकांना सोडतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. शेतात अशा जमिनीला चोपण म्हणतात, आणि ती सुधारायला जिप्सम, भरपूर गोडं पाणी, निचऱ्याचा चर असा सगळा खटाटोप लागतो. मीठ कुजत नाही, उडून जात नाही. फरशीच्या सांध्यातलं गवत मारायचंच असेल तर किटलीभर उकळतं पाणी ओता. पायावर सांडलं नाही म्हणजे झालं.

‘तण मुळासकट जातं.’ किराणा दुकानातल्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल जेमतेम 4 ते 5 टक्के. ते जिथे लागेल तिथलं हिरवं जाळतं, खाली जात नाही. घोळीचं, माठाचं दोन पानांचं कोवळं रोप मरेल, मान्य. पण लव्हाळा एकदा हळूच खणून बघा. पातीखाली तारेसारखा धागा, त्याला काळपट गाठ, तिथून पुढे आणखी धागा, आणखी गाठ. वास घेतला तर ओळखीचा वाटेल, दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा तो हाच. वरचं पातं जाळलं की गाठ आठवड्याभरात दुसरं काढून देते. हरळीचंही तसंच, तिच्या कांड्या जमिनीखालून पळतात.

आता मेसेजचा दुसरा भाग. खरा घोळ इथे आहे, कारण त्यात अर्धं खरं आहे.

दुकानात ‘तणनाशक द्या’ म्हटलं की बहुधा ग्लायफोसेट पुढे येतं. ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि मुळांवाटे फारसं वर चढत नाही, हे बरोबर. पण म्हणून बुडाशी मारा? ग्लायफोसेट पानातून शिरतं आणि झाडाच्या अन्नरसाबरोबर मुळापर्यंत उतरतं, लव्हाळा मरतो तो त्यामुळेच. झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं बनवण्याचा मार्ग ते बंद करतं, आणि हा मार्ग तुमच्या मोगऱ्यातही तोच आहे. जुन्या खरबरीत सालीतून ते सहसा आत जात नाही, पण कोवळ्या हिरव्या सालीतून जातं. त्याहून मोठा सापळा म्हणजे फुटवे. कढीपत्त्याच्या आजूबाजूला मुळातून पोरं फुटतात, डाळिंबाच्या बुडातूनही. ते तण नव्हे, आईला जोडलेलं मूल आहे. त्याच्यावर मारलं की औषध सरळ आईच्या पोटात. असे फुटवे कात्रीने छाटायचे.

गुलाबाचं तर आणखी फसवं. चुकून चार थेंब पडले तर लगेच काही दिसत नाही. पुढच्या बहराला फूट येते ती बारीक, सुतळीसारख्या अरुंद पानांची, एका जागी झुपका केल्यासारखी. मग आपण खताला दोष देतो.

आणि सगळीच तणनाशकं मातीला लागून निष्क्रिय होत नाहीत. उसात, मक्यात मारायचं ॲट्राझीन मातीतच काम करतं आणि मुळांतूनच वर चढतं. गावाकडून कुणी अर्धा डबा आणून दिला म्हणून जास्वंदीखाली टाकायचं नाही. डब्यावरचं नाव वाचा, ‘तणनाशक’ हे काही औषधाचं नाव नाही.

लॉनवाल्यांचं आवडतं टू-फोर-डी. गवताला सोडतं आणि रुंद पानाची तणं मारतं म्हणून. ठीक, पण मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडे बंगल्याच्या भिंतीला भिंत लावून द्राक्षबाग असते, आणि रुंद पानांत द्राक्षासारखं नाजूक क्वचितच काही. या औषधाचा एस्टर प्रकार मारल्यानंतरही उन्हात वाफ होऊन हवेतून सरकतो. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर कोवळी फूट असताना ते पोचलं की पान पंख्यासारखं होतं, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या, कडेचे दात टोकदार. आमच्या बागेत एका वर्षी कडेच्या दोन ओळींत असं पान पाहिलंय. आप्पा ते पान हातात धरून नुसते उभे होते. बांधापलीकडच्याशी भांडण झालं, पान काही सरळ झालं नाही. टोमॅटोही असाच वाकडा होतो.

‘डोस दुप्पट करा.’ उलट होतं. तीव्र द्रावणाने पान झटकन करपतं, आणि करपलेलं पान औषध खाली नेत नाही. वर जळालेलं, खाली जिवंत. असर कमी वाटत असेल तर पाणी बघा. गढूळ पाण्यातली माती ग्लायफोसेटला बादलीतच धरून ठेवते, आणि बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियमही तेच करतो. मारल्यावर पाच-सहा तास पाऊस नको, हेही आलंच.

बागेत मारायचंच असेल तर फवारा कशाला? लव्हाळा गुलाबाच्या अंगाशी आला असेल तर मी रबरी हातमोजे घालतो, जुना रंगाचा ब्रश द्रावणात बुडवून निथळतो आणि एकेका पात्याला पुसतो. तासाभरात पाच-पंचवीस पाती होतात, गुलाबाला थेंब लागत नाही. फवारणी अटळच असेल तर वारा पडलेला हवा, नोझल जमिनीलगत, दाब कमी, थेंब जाड. मधल्या झाडांवर बादली उपडी घाला. हिवाळ्यात पहाटे धुकं असताना मारू नका. वारा नाही म्हणून बरं वाटतं, पण बारीक थेंब खाली बसतच नाहीत, तरंगत कुठेही जातात. तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर रंगाने मोठं लिहिलेलं. त्याच पंपाने नंतर शेवंतीला कीटकनाशक मारणारे लोक मी पाहिलेत.

ग्लायफोसेट हे ‘कुणीही आणा, कुणीही मारा’ असं औषध नाही, हे मेसेज सांगत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता ठेवला होता. आणि पॅराक्वाट नावाच्या तणनाशकाचा डबा कुणी फुकट दिला तरी घरात घेऊ नका. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. कुठलंही औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. डब्यावरचा त्रिकोण बघायला पोरांनाही शिकवा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

एक गोष्ट त्या मेसेजमध्येच काय, कुठेच लिहिलेली दिसत नाही. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे तण खुडलं जातं. दुर्वा, आघाडा, केना पूजेला, घोळ आणि तांदुळजा भाजीला. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर सकाळी फवारलं की दुपारपर्यंत पात्याला काहीच झालेलं दिसत नाही, पिवळं पडायला दिवस जातात. आणि संध्याकाळी कुणीतरी आजी पिशवी घेऊन तिथे येते. गेल्या वर्षी हरतालिकेच्या आदल्या दिवशी मी तिथे दोरी बांधून पाटी लावली, ‘औषध मारले आहे, काही खुडू नका’. ग्रुपवर फोटो टाकला तर एकाने विचारलं, कुठलं औषध, आम्हालाही पाठवा.