तीन कोअरची केबल आणि ‘दोन वर्षं चालतंय’

नमस्कार.

स्पीकरच्या वायरींबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा राग आला. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं, की एका मुद्द्यावर तुमचंच बरोबर आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. गुहागरच्या घरी ओटी, माजघर, पडवी आणि पाहुण्यांची खोली, प्रत्येक ठिकाणी ८ ओहमचे दोन स्पीकर आहेत. डावे चारही एका चॅनलला समांतर, उजवे चारही दुसऱ्याला. काळी वायर दोघांत एकच, कारण विहिरीच्या पंपाची तीन कोअर केबल (एका आवरणात तीन सुट्या वायरी) उरली होती. मीटर दीड ओहम दाखवतो, तरी दोन वर्षं काही झालं नाही. आता सहा झोनचा, म्हणजे सहा जागांना स्वतंत्र आवाज देणारा, नवा अॅम्प्लिफायर याच वायरिंगला लावायचाय, आणि मी ‘अडीच स्क्वेअर एमएमची वायर घ्या, काळी वेगळी ठेवा’ म्हणून लोकांना उगाच खर्चात पाडतो.

आधी माझी चूक. सरसकट अडीचची वायर लिहायला नको होतं. तांब्याच्या १ स्क्वेअर एमएम वायरचा विरोध १०० मीटरला साधारण पावणेदोन ओहम. ओटीपासून माजघरापर्यंत ६ मीटर धरले, तर जाऊन-येऊन १२ मीटरला ०.२ ओहम होतात. ८ ओहमच्या स्पीकरपुढे ते काहीच नाही. वाडीच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, ३० मीटर न्यायची असेल तर मात्र १ ओहम वायरीतच जातो. तिथे अडीचचीच घ्यावी. तुमची पंपाची केबल तांब्याची असेल तर जाडीला उत्तमच आहे. माझी हरकत तिच्या तीन कोअरला आहे.

तुमच्या जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये बहुधा दोन्ही चॅनलच्या वजा बाजू आत ग्राउंडलाच जोडलेल्या असणार, म्हणून एक काळी वायर दोघांना चालली. नव्या बहु-झोन यंत्रांपैकी बरीच क्लास डीची (झपाट्याने चालू-बंद होत काम करणारी) असतात, आणि त्यांत ब्रिज पद्धतीचं आउटपुट पुष्कळदा सापडतं. तिथे ‘वजा’ हे नुसतं नाव. लाल टोक वर जातं तेव्हा काळं खाली जातं. दोन्ही टोकांमागे स्वतंत्र अॅम्प्लिफायर असतो. डाव्याची आणि उजव्याची काळी एकत्र बांधली, की दोन अॅम्प्लिफायर एकमेकांच्या उरावर बसतात. मध्ये स्पीकर नसल्याने त्यांना अडवणारंही काही नसतं.

हे मी माझ्याच हाताने करून बसलोय. वेंगुर्ल्याजवळ ताईच्या होमस्टेमध्ये जुन्या जंक्शन बॉक्सात कुणीतरी सगळ्या काळ्या वायरी एकत्र पिळून ठेवल्या होत्या. बॉक्स उघडून बघायचा मला कंटाळा आला. सोबतचा वायरमनही म्हणाला, “चलता मा? मगे हात कित्याक लावतंस?” नवं यंत्र चालू केलं. पाच झोन लगेच संरक्षणात जाऊन गप्प झाले, सहावा गेला तो गेलाच. ताईने दोन दिवस माझ्याशी यंत्राखेरीज दुसरा विषय काढला नाही.

आता दीड ओहमबद्दल. ८ ओहमचा स्पीकर साध्या मीटरवर ६ च्या आसपास दिसतो, कारण मीटर फक्त कॉइलच्या तारेचा विरोध मोजतो. सहाला चाराने भागा, दीड. म्हणजे मीटर बरोबर आहे आणि एका चॅनलवरचा भार छापील आकड्यांनुसार २ ओहम आहे. तरी चालतंय कसं? तुम्ही सकाळी हळू आवाजात अभंग लावता म्हणून. एका स्पीकरला १ वॉट द्यायला २.८ व्होल्ट पुरतात. चारांचा मिळून करंट दीड अँपिअरच्याही आत राहतो. गणपतीत कुणी आवाज २० व्होल्टांपर्यंत नेला, तर एका स्पीकरला अडीच अँपिअर लागतात, चारांना १०. ८ किंवा ४ ओहमसाठी बनवलेलं यंत्र ते देताना तापणार, आणि आपल्याकडे भाद्रपदात त्याला थंड करणारी हवा तरी कुठे असते!

सहा झोन घेताय, तर एका झोनला एकच जोडी लावा. चारच जागा आहेत तुमच्या, प्रश्नच मिटला. एकाच चॅनलवर चार लावायचेच असतील तर दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या जोड्या समांतर, म्हणजे पुन्हा ८ ओहम. पण त्यात एक स्पीकर गेला की त्याचा जोडीदारही मुका होतो, आणि स्पीकर वेगवेगळ्या बनावटीचे असतील तर आवाज सारखा वाटला जात नाही. मला ती जोडणी आवडत नाही.

जोडण्याआधी यंत्राचा प्लग काढा आणि स्पीकरच्या वायरी यंत्रापासून मोकळ्या ठेवून मीटर लावा. लाल-काळ्या वायरींच्या प्रत्येक जोडीत ६ च्या आसपास आकडा यायला हवा. एका जोडीच्या कुठल्याही वायरीपासून दुसऱ्या जोडीपर्यंत काहीच जोड दिसता कामा नये. दिसला, तर कुठल्यातरी बॉक्सात ताईकडच्यासारखी गाठ आहे. ती सापडेपर्यंत यंत्र खोक्यातच राहू द्या.

आणि वायरीची टोकं. दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेने ती हिरवी-काळी पडली असतील. तेवढी कापून नवं तांबं उघडं करा आणि फेरूल (टोकावरची धातूची छोटी नळी) दाबून बसवा. एक सुटी तार शेजारच्या टोकाला टेकली तरी शॉर्ट होतो. पडवीकडची वायर कथील चढवलेल्या तांब्याची मिळाली तर ती घ्या, जास्त टिकते. २३० व्होल्टच्या पाइपातून मात्र स्पीकरची वायर ओढू नका, पट्टी वेगळी मारा.

तुमची तीन कोअर केबल फुकट जाणार नाही. एका जागेच्या एकाच स्पीकरला दोन कोअर वापरा, तिसरी दोन्ही टोकांना टेप लावून मोकळी सोडा. दुसऱ्या स्पीकरसाठी वेगळी लाल-काळी ओढा. माजघराची भिंत चिऱ्याची असेल तर ती कुठून न्यायची, हे फोटो पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. फोटो टाका, आणि पडवीतल्या स्पीकरच्या मागचा स्टिकरही वाचून कळवा.